ग्रँड कॅन्यन ‘झालं’ म्हणणाऱ्यांस

मराठी भाषेत ‘झालं’ इतका समाधानी शब्द दुसरा नाही. अंघोळ झाली, जेवण झाले, मुलीचे लग्न झाले, काशी झाली. ओझे उतरले, हात झटकले, सुटलो! अंघोळीच्या आणि लग्नाच्या बाबतीत या शब्दाविषयी माझी तक्रार नाही. परंतु हा शब्द आता प्रवासात शिरला आहे आणि तेथे त्याने घर केले आहे. “आमचं युरोप झालं, आता अमेरिका तेवढी राहिलीय,” असे लोक बोलतात, जणू काही खंड म्हणजे दूधवाल्याची उधारी. “ग्रँड कॅन्यन झालं का तुमचं?” हा प्रश्न मला गेल्या वर्षभरात निदान वीस जणांनी विचारला, आणि त्या विसांनाही मी मान वर ठेवून ‘झालं’ असे उत्तर दिले. ते उत्तर खोटे होते. दिवाळीच्या या पानांतून मी ते परत घेतो. आणि जी मंडळी चकली मोडता मोडता पुढच्या उन्हाळ्यातील अमेरिकेचे बेत आखीत बसली असतील त्यांच्याशी थोडे भांडणही काढतो. दिवाळीत भांडू नये म्हणतात. पण घरच्या माणसांशी भांडायला याहून चांगला मुहूर्त कोणता? एरव्ही ती एके ठिकाणी सापडतात कुठे!

आमचे चिरंजीव कॅलिफोर्नियात असतात. आईवडील आले की त्यांना ‘कुठेतरी’ पाठवायचे, हा तिकडच्या मुलांचा आता कुळाचारच होऊन बसला आहे. मुलाला रजा नव्हती. मला मोटार हाकता येत नाही, आणि येत असती तरी रस्त्याच्या उजव्या बाजूने हाकण्याची माझी छाती झाली नसती. म्हणून त्याने आमच्या नावे एका यात्रा-कंपनीची तीन दिवसांची बससहल भरली. कंपनीचे नाव मी सांगत नाही, कारण दोष एका कंपनीचा नाही. दुकानात जे खपते तेच दुकानदार मांडतो. पत्रकावर लिहिले होते, ‘तीन दिवस, पाच आश्चर्ये.’ लास व्हेगासहून निघायचे. झायन, ब्राइस, अँटिलोपची घळ, कोलोराडो नदीचे घोड्याच्या नालासारखे वळण आणि ग्रँड कॅन्यन अशी पाच ठिकाणे करायची आणि तिसऱ्या रात्री पुन्हा लास व्हेगासात येऊन पडायचे. एकंदर मजल सुमारे ८०० मैल.

परत आल्यावर मी जुन्या सवयीने हिशेब मांडला. झायनला ९० मिनिटे, त्यांतली ३५ उद्यानाच्या बसच्या रांगेत. ब्राइसला ७०, घळीत ७५, नदीच्या वळणावर ४०, ग्रँड कॅन्यनला ५५. बेरीज ३३० मिनिटे, म्हणजे साडेपाच तास. बसमध्ये बसलो होतो सोळा तासांहून अधिक. उरलेला वेळ खाण्यात, झोपण्यात आणि ‘इथे वस्तू स्वस्त मिळतात’ असे सांगून ज्या दुकानांपाशी बस उभी करीत त्या दुकानांत गेला. पाच आश्चर्यांना साडेपाच तास! आमच्याकडे वधूपरीक्षेला याहून जास्त वेळ देत असत, आणि तिथे तर पोहेही मिळत.

त्यात त्या मुलखातले घड्याळसुद्धा माणसाची थट्टा करते. उन्हाळ्यात नेव्हाडातून उटात शिरले की काटा एक तास पुढे. उटातून ॲरिझोनात उतरले की एक तास मागे, कारण ॲरिझोना उन्हाळी वेळ पाळीत नाही. पण ॲरिझोनातच जो नवाहो लोकांचा मुलूख आहे तो मात्र ती पाळतो. म्हणून रस्ता त्यांच्या हद्दीतून गेला की खिशातला फोन पुन्हा तासभर पुढे उडी मारतो, आणि हद्द सुटली की मुकाट्याने मागे येतो. तिसऱ्या दिवशी सौ.ने मला विचारले, “अहो, नक्की किती वाजले?” मी म्हटले, “कुणाचे?” बसमधली मंडळी हसली. परंतु आमचा सहलप्रमुख हसला नाही. त्या बिचाऱ्याच्या हातात एक कागद होता आणि त्या कागदावर फक्त एकच वेळ होती: निघायची.

आता कुणी म्हणेल, तुमचे भांडण वाटाड्याशी आहे. आम्ही मुळी असल्या सहलींना जातच नाही, स्वतः मोटार घेऊन हिंडतो. या स्वयंचलित मंडळींशी माझे भांडण दुप्पट आहे. बसमध्ये बसणाऱ्याला ते मेंढरू म्हणतात, आणि स्वतः तेच पाच थांबे, त्याच क्रमाने, त्याच कठड्यावर कोपर टेकून, दोन दिवसांत उरकून येतात. आमच्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच की आम्हांला कुणीतरी हाकीत होते आणि त्यांनी स्वतःलाच हाकले. वाटाड्या असणे हा दोष नव्हे. उलट त्या तीन दिवसांत जे थोडेसे खरोखर पाहिले, ते एका वाटाड्यामुळेच पाहिले. अधिक नेमके बोलायचे तर एका वाटाडीमुळे.

ॲरिझोनातील पेज या गावाजवळ, नवाहोंच्या मुलखात, अँटिलोपची घळ आहे. वालुकाश्माचा माळ सपाट दिसतो, आणि त्यात एकाएकी सुरीने चिरा पाडावा तशी फट. लोखंडी जिन्यांनी खाली उतरले की दोन्ही बाजूंचे दगड लाटांसारखे वळत अंगाशी येतात, वरून उन्हाची एक तिरीप झिरपते, आणि तो तांबडा दगड कुठे शेंदरी, कुठे जांभळा होत जातो. या घळीच्या वरच्या भागाच्या नवाहो भाषेतल्या नावाचा अर्थ ‘खडकांतून पाणी वाहते ती जागा’ असा आहे. या नावात सौंदर्याची एक अक्षरभर स्तुती नाही. इशारा मात्र आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी या घळीवर फारसा पाऊस नव्हता. पाऊस पडला कित्येक मैल दूर, आणि त्याचा लोंढा घळीतून असा आला की ११ प्रवासी वाहून गेले. वाचला एकटा वाटाड्या. तेव्हापासून येथे वाटाड्याशिवाय कुणालाही पाऊल टाकता येत नाही, आणि वाटाडे नवाहोंच्या परवानगीने चालणाऱ्या सहलींचेच असावे लागतात.

आमच्याबरोबर होती ती वाटाडी नवाहो मुलगी, वय फार तर पंचविशीचे. छायाचित्रात रंग कसे उठतील हे ती प्रत्येकाचा फोन घेऊन चटाचट दाखवीत होती; तो तिच्या नोकरीचा भाग होता. पण मध्येच थांबून तिने वर बोट केले. आमच्या डोक्यावर, दोन भिंतींच्या मध्ये, एक ओंडका अडकला होता. ती म्हणाली, तो कुणी ठेवलेला नाही. पाण्याने तिथे आणून सोडला आहे. सगळ्यांचे फोन आपोआप खाली आले. पाणी आपल्या डोक्याहून किती वर चढत असेल याचा त्या क्षणी प्रत्येकाने मनाशी अंदाज बांधला. तीन दिवसांतली ती पहिली शांतता. माझ्या मते तिथे आम्ही प्रथमच ‘पाहिले’. तोपर्यंत आम्हांला नुसते ‘दाखवले’ जात होते.

त्या मुलीच्या माणसांना १८६४ साली अमेरिकन लष्कराने त्यांच्या गावांतून हुसकावून, आठ हजारांहून अधिक जणांना, ३०० मैलांहून लांब न्यू मेक्सिकोतल्या छावणीत पायी चालवत नेले होते. वाटेत आणि छावणीत शेकडो मेले. १८६८ च्या तहानंतर उरलेले परत आले. जे परत आले त्यांच्याच नातवंडांनी आज आपल्या घळीच्या तोंडाशी उभे राहून सांगावे की आमच्याबरोबर आलात तरच आत याल, यात मला गैर काही दिसत नाही. घरधन्याने पाहुण्याला हाताला धरून आत न्यावे, हीच तर रीत. बसचा सहलप्रमुख आणि ही मुलगी या दोघांनाही आपण ‘गाईड’ म्हणतो, हे आपल्या बोलण्याचे दारिद्र्य आहे. एक घड्याळ पाहून बोलत होता; दुसरी आभाळ पाहून.

हीच गोष्ट नावांची. ग्रँड कॅन्यनच्या काठावर सहलप्रमुखाने दूरच्या एका सुळक्याकडे बोट दाखवून सांगितले, “ते विष्णुमंदिर.” बसमधल्या आम्हां भारतीयांत अशी काही खळबळ उडाली की विचारू नका. एका गृहस्थांनी तर आपली संस्कृती पूर्वी येथवर पोहोचली होती असा निकालही देऊन टाकला. वास्तविक १८८० च्या सुमारास क्लॅरेन्स डटन नावाच्या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञाला त्या शिखरांकडे पाहून पूर्वेकडच्या देवळांची आठवण झाली, आणि त्याने विष्णू, शिव अशी नावे ठेवून दिली. पुढे त्याच विष्णूवरून दरीच्या तळाशी असलेल्या काळ्या खडकालाही नाव मिळाले. तो खडक सुमारे १७० कोटी वर्षांचा आहे. आपला सह्याद्री ज्या लाव्ह्याचा बनला तो अवघ्या साडेसहा कोटींच्या आसपासचा. म्हणजे त्याच्यापुढे कालचे पोर. आपले नाव परक्या कड्यावर पाहून छाती फुगवण्याऐवजी त्या वयापुढे ती थोडी दबली असती तर शोभले असते.

आणि नावे काय त्या कड्यांना नव्हती? ११ आदिवासी जमाती या दरीशी आपले नाते सांगतात. ब्राइट एंजल नावाच्या पायवाटेने खाली उतरत गेले की मध्यावर झऱ्याकाठची हिरवी जागा लागते. तिथे हवासुपाई लोक पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत. १९१९ साली उद्यान झाले. त्यानंतर, १९२८ मध्ये, तिथल्या शेवटच्या हवासुपाई रहिवाशालाही घालवून देण्यात आले. जागेला नाव मात्र ‘इंडियन गार्डन’ राहिले, म्हणजे माणूस काढायचा आणि पाटी ठेवायची! २०२२ साली ते नाव बदलून ‘हवासुपाई गार्डन्स’ केले, तेव्हा कुठे पाटीने तरी घरधन्याचे नाव घेतले. झायनचेही तेच. १९०९ साली ती दरी राखून ठेवली ती ‘मुकुंटुवीप’ या पायूट लोकांच्या नावाने. पुढे दहा वर्षांच्या आत ते नाव गेले. आमच्या पत्रकात यातली एक ओळ नव्हती. त्यात होते, ‘निर्जन वाळवंटातील निसर्गाचा चमत्कार’. निर्जन! ज्याचे घर आहे त्याला वगळले की कोणतेही घर निर्जनच.

आता ग्रँड कॅन्यनच्या त्या ५५ मिनिटांविषयी. हे लिहिणे मला जड जाते.

आम्ही पोहोचलो ते भर दुपारी. त्या दरीला पाहण्याची सर्वांत वाईट वेळ कोणती असेल तर ती. ऊन डोक्यावर, सावली कुठेच नाही, आणि एक मैल खोल दरी पडद्यावर रंगवलेल्या चित्रासारखी चपटी दिसते. मॅथर पॉइंटच्या कठड्यापाशी दोन-तीन रांगा गर्दी. लोक दरीकडे पाठ करून उभे राहत, हसत, छायाचित्र काढून घेत आणि जात. मीही तसेच केले. सौ.चे गुडघे दुखत होते, म्हणून ती मागे एका दगडी बाकावर बसली. पंधरा मिनिटे, वीस मिनिटे ती नुसती समोर पाहत होती. मग तिने विचारले, “कालची ती नदी इथं कुठाय हो?”

कालची म्हणजे नालाच्या वळणावर, हजार फूट खाली पाहिलेली कोलोराडो. तिथे ती हिरवीगार होती. आम्हांला वाटले तो तिचा रंगच. कोलोराडो या शब्दाचा अर्थच तांबूस, आणि मूळची नदी गाळाने तांबूसच वाहत असे, हे आम्हांला कुणी सांगितले नव्हते. वळणाच्या वर थोड्याच मैलांवर ग्लेन कॅन्यनचे धरण आहे. १९६३ साली त्याचे दरवाजे बंद झाले. गाळ मागे जलाशयात बसतो आणि तळाकडचे थंड, नितळ पाणी खाली सोडले जाते, म्हणून ती हिरवी. त्या जलाशयाखाली ग्लेन कॅन्यन नावाची एक अख्खी दरी गेली. एका हाताचा मेजर पॉवेल १८६९ साली चार होड्या घेऊन या नदीतून उतरला, त्या तीन महिन्यांच्या प्रवासात त्याने जिला हे नाव दिले, तीच ही दरी. आणि तिला बुडवणाऱ्या तलावाला नाव दिले पॉवेलचे! ‘झालं’ हा शब्द कोणत्या दरीला खरोखर लागू पडत असेल तर तिला.

पण मी सौ.च्या प्रश्नाकडे येतो. मी कठड्यावरून इकडे वाकून पाहिले, तिकडे पाहिले. जिथे मी उभा होतो तिथून मला नदी सापडली नाही. तेवढ्यात एक ढग आला. त्याची सावली समोरच्या सुळक्यांवरून सरकत खाली उतरली आणि जिथे जिथे गेली तिथे तिथे ती चपटी भिंत उघडत गेली. एका कड्यामागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा, मध्ये निळसर पोकळी. सौ. म्हणाली, “थांबा ना जरा. आत्ता कुठं मला खोली दिसायला लागलीय.”

आणि मी काय केले? मी घड्याळ पाहिले. सहलप्रमुखाने शिट्टी वाजवली होती. मी तिच्या काखेत हात घालून तिला उठवले आणि म्हणालो, “चल, उशीर होतोय. झालं आता.”

बसमध्ये ती काही बोलली नाही. तिचे गुडघे आता असे आहेत की आम्ही पुन्हा तेवढा प्रवास करू असे वाटत नाही. त्या रात्री मुलाने फोनवर विचारले, “झालं ना ग्रँड कॅन्यन?” तेव्हाही उत्तर मीच दिले.

घरी येऊन वाचले तेव्हा कळले की मॅथर पॉइंटपासून मैलभराच्या आत ‘काळाची वाट’ म्हणून एक पायवाट सुरू होते. २०१० साली ती खुली झाली. चालायला सपाट, बांधीव, काठाकाठाने जाणारी. तिच्या एका मीटरला दहा लाख वर्षे असे माप धरले आहे. म्हणजे एक पाऊल टाकले की माणसाचा सगळा ज्ञात इतिहास मागे पडतो. वाटेवर दरीतल्या थरांचे दगड मांडले आहेत, हात लावून पाहावेत म्हणून. वरचा चुनखडक २७ कोटी वर्षांचा, तो २७० मीटरांवर; आणि तळचा विष्णू यायला पावणेदोन किलोमीटरांच्या आसपास चालावे लागते. नदीने दरी कोरली ती गेल्या पन्नास-साठ लाख वर्षांत, म्हणजे या वाटेवरची पाच-सहा पावले! ठिकठिकाणी बसायला बाके आहेत, काठावरून फुकट बस फिरते. दुखऱ्या गुडघ्यांच्या बाईला एका संध्याकाळी याहून मोठी यात्रा कुठे घडली असती? आम्ही मात्र ती वेळ रस्त्यावरच्या दुकानात लोहचुंबकाची चित्रे निवडण्यात घालवली.

माझे एक स्नेही म्हणतात, “उगाच डोक्यात राख घालून घेता. पंढरपूरला माणूस तासन्‌तास रांगेत उभा राहतो आणि पायांवर डोके किती वेळ ठेवतो? क्षणभर. दर्शन क्षणाचेच असते.” युक्तिवाद गोड आहे, पण फसवा आहे. वारकऱ्याचा तो क्षण एकटा नसतो. त्याच्यामागे आळंदीपासूनची चाल असते, पावसाचे भिजणे, रिंगण, रात्रीची भजने असतात. दर्शनाच्या आधीच त्याचे पाहणे सुरू झालेले असते. आम्ही बसच्या काचेला डोके टेकून घोरत आलो आणि शिट्टी वाजताच खाली उतरलो. वाट वजा केल्यावर उरतो तो क्षण दर्शनाचा नव्हे, हजेरीचा.

दुसरे म्हणतील, विमानाचे भाडे भरून एवढे लांब जायचे आणि एकच ठिकाण पाहून यायचे? हे कुठले शहाणपण? त्यांना माझे उत्तर असे की फराळाच्या ताटातले पाच पदार्थ एका घासात कोंबले म्हणजे पाचांची चव कळते, असे आपल्यातला लहान मुलगाही म्हणणार नाही.

तेव्हा परदेशातल्या लेकरांनो, आईवडिलांना पाच आश्चर्ये भेट देऊ नका, एक द्या. बसनेच पाठवा, खुशाल पाठवा, पण काठावर एक रात्र मुक्काम ठेवा, म्हणजे तिरपे ऊन दोनदा मिळेल, मावळतीचे आणि उगवतीचे. जिथे तिथल्या माणसांचा वाटाड्या मिळेल तिथे त्याच्याबरोबर जा, आणि तो बोलत असताना फोन खिशात ठेवा. आणि यात्रा-कंपन्यांनो, तुमच्या पत्रकावर ठिकाणांची संख्या मोठ्या अक्षरांत छापता, तशी प्रत्येक ठिकाणी पाय जमिनीवर किती मिनिटे टेकतील ती संख्याही छापा. मग पाहू, पाच आश्चर्ये किती खपतात.

आता कुणी मला विचारले, “ग्रँड कॅन्यन झालं का तुमचं?” तर मी सांगतो, नाही. ५५ मिनिटे तिथे होतो. नदी दिसली नाही. ती अजून खाली खडक कापते आहे. तिचेच जिथे झालेले नाही, तिथे माझे कुठून होणार?